बाजू दोन

डोळ्यांत थेंब घातले की माणूस दोन तास कामातून जातो. वाचता येत नाही, समोर माणूस आहे की कपाट ते कळत नाही, आणि वर पुन्हा "डोळे मिटून शांत बसा, आजी" हे ऐकून घ्यावं लागतं. आजी! मला नातवंडं सोडाच, लग्नसुद्धा नाही. पण भांडायचं तर समोरचा नीट दिसायला तरी हवा. मी भिंतीकडची खुर्ची चाचपत बसले आणि डोळे मिटले.

दवाखान्यात माझ्याखेरीज पेशंट नव्हता. टेबलामागची रिसेप्शनिस्ट काहीतरी टाइप करत होती आणि तिच्या फोनवर बारीक आवाजात गाणी लागली होती. एक गाणं संपलं. मग काठीवर काठी आपटल्याचे चार ठोके आले आणि एक गिटार सुरू झाली. तिची एक तार किंचित उतरलेली होती.

माझा उजवा हात मांडीवरून उठला. मी उठवला नाही, शपथेवर सांगते. तो आपला आपण पुढे गेला, आणि अर्धा मिनिट होताच अंगठ्याने हवेतच एक बटण दाबलं. गाणं काही थांबलं नाही. गिटार पुढे गेली आणि एक माणूस गायला लागला. ती गिटार मला तीस वर्षं पाठ आहे, पण तिच्यानंतर कोणी गातं हे मला माहीत नव्हतं.

"हे काय लावलंयस गं?" मी विचारलं.

"त्रास होतोय का? बंद करते."

"बंद नको करू. नाव सांग."

"जुना अल्बम आहे हो, 'खालचा मजला' म्हणून. आता परत काढलाय. इंडी रॉक म्हणतात याला. म्हणजे मोठी कंपनी वगैरे नाही, पोरांनी आपल्या हिमतीवर काढलेला. तुम्हाला नसेल माहीत."

"मला नसेल माहीत?" मी म्हणाले. "मीच पास केलाय तो."

ती "हो का?" म्हणाली. थेंब डोक्यात चढले असं तिला वाटलं असणार.

तिला सांगितलं नाही ते इथे सांगते. कॅसेटच्या कारखान्यात मी बावीस वर्षं ऐकण्याची नोकरी केली. तपासणी विभाग म्हणजे काचेची एक खोली, भिंतींना ठोकलेले अंड्यांचे पुठ्ठे, दोन टेबलं, दोन वाजवायची यंत्रं आणि दोन जड हेडफोन. दुपारपर्यंत केसांत खोबण पडायची. एका टेबलाशी मी, दुसऱ्याशी टाचणी. अंगाने काटकुळी, आणि जीभ अशी की टोचून गेल्यावर कळायचं, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. मी भरल्या अंगाची, म्हणून तिने माझं नाव उशी ठेवलं. "टाचणीला उशी लागतेच," ती म्हणायची, "नाहीतर हरवते."

काम असं होतं. पन्नास कॅसेटच्या प्रत्येक खोक्यातून एक काढायची आणि तिच्या दोन्ही बाजूंचा पहिला अर्धा मिनिट आणि शेवटचा अर्धा मिनिट ऐकायचा. पहिल्याला आम्ही डोकं म्हणायचो, शेवटच्याला शेपूट. दोन्ही ठीक असली की शिक्का. मधलं धड ऐकायला वेळ कोणाला होता? त्यामुळे मला हजारो गाणी येतात, पण सगळी अर्ध्या मिनिटाची. घरी वहिनी काही गुणगुणायला लागली की मी जोरात साथ द्यायची आणि लगेच गप्प व्हायची. भाऊ म्हणायचा, हिचं सगळं अर्ध्यावर राहतं.

याला अपवाद एकच. नव्या अल्बमची पहिली कॅसेट, तिला आम्ही थोरली म्हणायचो, ती अथपासून इतिपर्यंत ऐकावी लागे. थोरलीत खोट असली की पाठच्या सगळ्या भावंडांत तीच खोट. बाजू एक एकीने ऐकायची, मग कॅसेट शेजारी सरकवायची, बाजू दोन दुसरीने ऐकायची, आणि कागदावर दोघींनी आपापल्या रकान्यात सही करायची. आता शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन बायका एका सहीसाठी कागद कशाला नाचवतील? जिच्या हातात पेन असेल ती विचारायची, "ऐकलीस?" दुसरी म्हणायची, "ऐकली." की पहिली दोन्ही रकान्यांत आपलीच सही ठोकून मोकळी. साहेबांना हे माहीत होतं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

'खालचा मजला'ची थोरली एका शनिवारी आली. कोणी नाव न ऐकलेला चार पोरांचा बँड, एक हजार कॅसेट. टाचणीने बाजू एक ऐकली, कॅसेट माझ्याकडे सरकवली आणि ती दुसऱ्या खोक्याला लागली. मी बाजू दोनचं डोकं ऐकलं. ड्रमची बडवाबडवी आणि गिटारींचा नुसता कल्लोळ. माझं कपाळ उठलं. आता इथे मला सबब सांगता आली असती, कारण घरी आई अंथरुणाला खिळलेली होती. पण त्या दिवशी आई बरी होती. मला कंटाळा आला होता, एवढंच. मी टेप पुढे पळवली, शेपूट ऐकलं आणि यंत्र बंद करून हेडफोन तसाच कानांवर ठेवला. बंद यंत्राला जोडलेल्या त्या जड हेडफोनमध्ये जी शांतता मिळायची तशी मला पुढे कुठे मिळाली नाही, आणि आता तर घरी दिवसभर शांतताच असते. वीस मिनिटं मी काचेकडे बघत बसले.

मग हेडफोन काढला.

"ऐकलीस?" टाचणीने विचारलं. पेन तिच्या हातात होतं.

"ऐकली," मी म्हणाले.

घोटाळा झाला होता तो असा. बाजू दोनची गाणी स्टुडिओतून तीन छोट्या रिळांवर आली होती. त्यातलं मधलं रीळ वाजवून झाल्यावर परत गुंडाळलेलं नव्हतं, म्हणजे त्याचं शेवटचं टोक वर होतं. तसं डब्यावर लिहिलेलंही होतं. पण आमच्या कारखान्यात मास्टर टेप, म्हणजे जिच्यावरून सगळ्या कॅसेट भरतात ती, जोडणाऱ्या काकांचा चष्मा घरी राहिला होता, आणि लिहिलेलं वाचायला काकांना चष्मा लागायचा. त्यांनी ते रीळ तसंच मध्ये जोडलं. त्यामुळे हजारच्या हजार कॅसेटवर बाजू दोनमधली दोन गाणी शेवटाकडून सुरुवातीकडे वाजत होती.

सव्वा महिन्याने ती चार पोरं एक खोकं घेऊन कारखान्यात आली. त्यांच्यातला गाणारा किडकिडीत होता, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "लोकांना वाटतंय आम्ही मुद्दाम केलंय. एकाने तर पेपरात कौतुक केलंय. पण तुमच्याकडे ऐकायला माणसं आहेत ना? मग कोणी ऐकलं कसं नाही?"

साहेब कागद घेऊन काचेच्या खोलीत आले. दोन्ही रकान्यांत टाचणीची सही. एकीने दोघींची सही करायची पद्धत? साहेबांनी सरळ कानांवर हात ठेवले, असं काही मला ठाऊकच नाही म्हणाले. "बाजू दोन तू ऐकलीस का?" त्यांनी तिला विचारलं.

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. मी हेडफोनचा स्पंज पुसत होते. फार मन लावून पुसत होते.

"सही माझी आहे," ती म्हणाली.

आई आजारी होती, भाऊ शिकत होता, घरात मिळवती मी एकटी होते. हे सगळं खरं आहे आणि पुढे मी ते स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण त्या क्षणी यातलं काहीच मनात नव्हतं. माझी पाचावर धारण बसली होती. मनात म्हणत होते, बोलते, हा स्पंज पुसून झाला की बोलते. पुसून झाला तोवर टाचणी पिशवी घेऊन निघाली होती. काकांना कोणी काही म्हटलं नाही, कारण मास्टर जोडणारा दुसरा माणूस कारखान्यात नव्हता. ऐकणाऱ्या काय, पैशाला पासरी.

तिच्या खुर्चीवर नंतर तीन-चार जणी येऊन गेल्या. चांगल्या होत्या, सुखदुःखाला उभ्या राहायच्या. पण माझं नाव कोणी ठेवलं नाही. कारखाना बंद पडला, आई गेली, भाऊ-वहिनी दुसऱ्या शहरात गेले. आता रविवारी पुतणीचा फोन येतो. त्यात ती विचारते, "आत्या, जेवलीस का?" आणि मी सांगते, जेवले. आठवड्यातलं माझं बोलणं बरंचसं तेवढंच.

इतकी वर्षं मी तगले ती एका वाक्यावर. ते वाक्य असं, की ऐकलं असतं तरी कळलं नसतं. त्या कल्लोळात उलट काय नि सुलट काय! पेपरवाल्याला ही चूक आहे हे कळलं नाही, विकत घेणाऱ्यांना कळलं नाही, मग मला कुठून कळणार होतं? म्हणजे टाचणीची नोकरी माझ्यामुळे गेली नाही, ती जाणारच होती. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की घडलं ते मला माझं पाप वाटेनासं झालं होतं. दवाखान्यात तो माणूस गायला लागला आणि त्या वाक्याला पहिला तडा गेला. कारण कल्लोळ नव्हताच. गिटार बाजूला झाली होती आणि शब्द न् शब्द कळत होता.

दुसऱ्या दिवशी डोळे निवळल्यावर मी पुतणीला फोन केला आणि अल्बम फोनवर कसा लावायचा ते विचारलं. "आत्या, तू आणि रॉक?" ती हसत सुटली. तिला काय सांगणार? मला तो ऐकायचा नव्हता, तपासायचा होता. मी उलटं-सुलटं ओळखू शकले असते की नाही, एवढंच बघायचं होतं. मनातून मला अजून वाटत होतं की मी सुटेन.

सकाळी अकराला दार लावून, पुतणी विसरून गेलेला हेडफोन घालून, मी जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर एक पेन आणि कागदही ठेवला. सवय.

बाजू एकचं डोकं आलं आणि गेलं. अंगठा हुळहुळला, पण मी हात मांडीखाली दाबून धरला. मग धड सुरू झालं. गाणारा मोठा गवई नव्हता. वरच्या सुरात त्याचा आवाज फाटायचा आणि तो तसाच फाटू द्यायचा. तो एका घराच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या माणसाबद्दल गात होता. खालच्या मजल्यावर माणसं आहेत, त्यांची भांडी वाजतात, त्यांचं हसणं जिन्यातून वर येतं, आणि हा रोज ठरवतो की आज खाली जायचं. दुसऱ्या गाण्यात तो जिन्याच्या चार पायऱ्या उतरतो. तिसऱ्यात परत वर येतो. मला ते आवडलं असं नाही म्हणणार. मला राग आला. जा की मेल्या खाली, तुला कोणी धरलंय? असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी रडते आहे.

बाजू एकचं शेपूट ओळखीचं होतं, लांबत जाणारी एकच गिटार. त्यानंतर कॅसेट उलटायला माझा हात पुढे झाला, पण यात उलटायचं काही नव्हतं. बाजू दोन आपोआप सुरू झाली. ड्रमची बडवाबडवी, तोच कल्लोळ. मला हायसं वाटलं. म्हटलं, हेच ते, यात कोणाला काय कळणार होतं? ते गाणं संपलं.

आणि मधलं रीळ आलं, आता सुलट. ते मधलं रीळच होतं, कारण रेकॉर्डिंगच्या खोलीचा घुमारा बदलला. ड्रम नाहीत, दुसरी गिटार नाही, कोणीच नाही. आधी गाणारा माणूस नुसता बोलला. शेजारी बसून बोलावं तसा म्हणाला, "चालू आहे का? करू सुरू?" मग घसा खाकरला, आणि एका गिटारीवर, पावलं मोजत जिना उतरणाऱ्या माणसाचं गाणं म्हणायला लागला. अंक मोजत होता. एक, दोन, तीन. आमच्या पुतणीने तिसऱ्या वर्षी ते गाणं उलटं ऐकलं असतं तरी ती म्हणाली असती, आत्या, हे काय गं?

अर्धा मिनिट नाही, पाच सेकंद पुरले असते. मी फक्त ऐकायला हवं होतं.

माझं वाक्य संपलं. तीस वर्षं ज्याला धरून मी उभी होते ते पाच सेकंदांत गेलं. दुसरं गाणंही मी ऐकलं, त्याच्या पुढचीही, शेपटापर्यंत ऐकलं. पण खरं सांगायचं तर त्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही. मला फक्त टाचणीचं वळून बघणं दिसत होतं आणि माझ्या हातातला तो स्पंज.

हेडफोन काढून मी आमच्या जुन्या स्टोअरकीपरला फोन लावला. कारखान्यातल्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, तो हाच चालवतो, आणि रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवून जीव नकोसा करतो.

"टाचणीचा नंबर मिळेल का हो?"

"मिळेल म्हणजे? माझ्याकडे पहिल्यापासून आहे," तो म्हणाला. "तू कधी मागितलाच नाहीस."

नंबर लिहून घेतला आणि विचार करायला वेळ न देता लावला. विचार केला असता तर मीही जिन्यातून परत फिरले असते.

"हॅलो, कोण?"

"उशी."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"बोल."

मी काय काय जुळवून ठेवलं होतं. एकही शब्द आठवला नाही. "त्या दिवशी मी बाजू दोन ऐकली नव्हती," मी म्हणाले.

"माहितीये."

"माहितीये म्हणजे?"

"म्हणजे माहितीये. तुझं यंत्र माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं का? आधी टेप पळवल्याची घरघर झाली, मग वीस मिनिटं चक्रं जागची हलली नाहीत. तू आपली काचेकडे बघत समाधी लावून बसलेलीस."

"मग सही कशाला केलीस?"

"तू म्हणालीस ना, ऐकली म्हणून."

एवढं साधं. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, शिव्या घालेल. ते सगळं मला सोपं गेलं असतं.

"माझ्यापायी तुझी नोकरी गेली," मी म्हणाले.

"नोकरीचं काय घेऊन बसलीस? महिन्याभरात दुसरी मिळाली, शाळेच्या ऑफिसात. त्याहून बरी होती. कान तरी दुखले नाहीत परत." मग म्हणाली, "हार्डवेअरचं दुकान आठवतंय का तुला?"

हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. ती गेल्यावर दोनेक महिन्यांनी, एका संध्याकाळी बाजारात ती मला समोरून येताना दिसली होती, आणि मी पटकन बाजूच्या दुकानात शिरले होते. तिने मला पाहिलं नाही, अशी माझी समजूत होती. निदान तेवढं तरी.

"मी बाहेर थांबले होते," टाचणी म्हणाली. "म्हटलं येईल बाहेर. मला भांडायचं नव्हतं गं. तुझ्या आईचं विचारायचं होतं. दुकानदार शटर ओढायला लागला तेव्हा त्याला विचारलं, आत एक बाई होत्या त्या? तो म्हणाला, त्या तर मागच्या दाराने कधीच गेल्या."

मी समोरच्या पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"काय घेतलंस तरी तिथे?"

"खिळे," मी म्हणाले. "पाव किलो."

"आणि केलंस काय त्यांचं?"

"काही नाही. डब्यात पडून आहेत."

ती हसेल असं मला वाटलं. हसली नाही.

"झालं तुझं बोलून?"

"झालं."

"मग ठेवते," ती म्हणाली, आणि ठेवला.

मी फोन टेबलावर ठेवला. समोर तो कोरा कागद आणि पेन होतं. मी पुष्कळ वेळ रडले, तोंडावर हात न धरता, कारण ऐकणारं कोणी नव्हतं. तिने माफ केलं की नाही ते कळलं नाही, आणि ते विचारायचा मला हक्कही नव्हता. पण एक माणूस शटर पडेपर्यंत माझ्यासाठी रस्त्यावर उभं होतं, आणि मी तीस वर्षं म्हणत आले की मला कोणी नाही.

तोंड धुतलं आणि पुन्हा तोच नंबर लावला. बराच वाजला. मग तिने उचलला.

"आता काय?"

"पत्ता सांग."

मी कान लावून होते. पलीकडून श्वास येत होता, म्हणजे फोन तुटला नव्हता.

"मुख्य रस्त्यापासून माझ्या घरापर्यंत हार्डवेअरची तीन दुकानं लागतात," टाचणी म्हणाली. "तेवढी ओलांडायला जमणार असेल तर लिहून घे."